कागदाला दोन उन्हं

बाजेवर कागद वाळत घालायचे, एकेका ढिगावर एकेक गोटा ठेवायचा आणि वारं आलं की दोघांनी दोन बाजूंनी हात दाबून धरायचे. मी आणि संगीच्या मायनं मिळून केलेलं शेवटचं काम हे. सांगण्यासारखं त्यात काही नाही. माझं डोकं तापलेलं होतं, तिच्या गुडघ्याला तेल चोपडलेलं होतं, आणि गच्चीवर शेजारच्या सोयाबीनच्या मळणीची धूळ येत होती. शेवटचं आहे हे माहीत असतं तर मी भांडलो नसतो, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी तरी भांडलोच असतो. बेचाळीस वर्षं आम्ही तसंच बोलत आलो.

पाऊस सरला, अशोका दशमीला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, विहारातून वंदना करून घरी आलो, की दुसऱ्या दिवशी ती लोखंडी पेटी उघडायची. कागदाला दोन उन्हं द्यायची. एक ओल जायला, एक कसर मरायला. मधल्या रात्री दव पडतं म्हणून बाज उचलून गच्चीवरच्या पत्र्याखाली सारायची, आणि दुसऱ्या दिवशी परत उन्हात. दुसरं ऊन झालं की कडुनिंबाचा पाला घालून पेटी बंद, ती पुढल्या आश्विनापर्यंत. दरवर्षी तिच्या मदतीला आमची पोरगी असायची, संगीता. नवऱ्यानं दुसरी केली तशी ती माहेरी येऊन राहिलेली आहे, तिला आता वीस वर्षं झाली. पण गेल्या वर्षी संगी सेलूला गेली होती, तिच्या लेकीच्या बाळंतपणाला. म्हणून मी गच्चीवर चढलो. नाहीतर मी कशाला जातो.

संगीच्या मायला अक्षर येत नव्हतं. सही यायची, तीही चित्र काढल्यासारखी, जीभ बाहेर काढून. पण घरातले सगळे कागद तिच्या हाताखाली. तिनं फाटक्या कपड्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या. पोराचे शाळेचे कागद त्याच्या खाकी चड्डीच्या पिशवीत. दवाखान्याचे माझ्या धोतराच्या. राशनचे पिठाच्या कट्ट्याच्या पिवळ्या कापडात. लाइटची बिलं लाल पिशवीत. का, तर वायर लाल असते. शेताचे हिरव्या खणात. पेटीत नुसता हात घालून, न बघता, जो मागाल तो कागद काढून द्यायची. मी चौथी शिकलेला. मला वाचता येतं, म्हणून मी तिला हसायचो. हसायचो कसला, हिणवायचो.

त्या दिवशी मी एकेक कागद मोठ्यानं वाचत होतो आणि ती लावत होती. एक कागद तिनं मला वाचूच दिला नाही. निळ्या कार्बनचा, चार बोटं रुंद, पातळ, घड्यांवर विरलेला.

"आता ह्यो कुठला?" मी म्हणालो.

"ह्यो माझा हाय."

"दे इकडं. शेताचा दिसायलाय. हिरव्या पिशवीत टाक."

"मी ठेवते त्याच्या जागी. तुमी गोटे बगा."

"जागा? चाळीस वर्सं झाली, तुला अ कळंना, आन् मला जागा शिकवायलीस व्हय?"

ती हसली. मला वाचता येतं आणि तिला नाही यावर ती असंच हसायची, जसं लहान लेकराला म्हणावं, बरं बाबा, तुझंच खरं. मी हातातला गोटा बाजेवर आपटला आणि खाली उतरलो. स्टँडवर जाऊन चहा पिलो. पुढचं तिनं एकटीनं केलं. दिवस मावळायच्या आत बाज पत्र्याखाली सारली, पिठलं केलं, मला वाढलं. मी "मीठ कमी हाय" एवढंच बोललो. एक ऊन झालं होतं. दुसरं बाकी होतं.

आता परत तेच ऊन पडलंय. वर आभाळ धुतल्यासारखं आणि खाली जमीन वाफ सोडतीय. कापसाची पहिली बोंडं फुटलीत. दुपारी रस्त्यानं चालावं तर पाठीवर कोणी तवा धरल्यासारखं. हे ऊन मला आवडायचं. भादव्यानं सगळं कुबट करून ठेवलेलं असायचं, गोधड्या, डाळी, माणसं, आणि हे ऊन येऊन त्याचा वास काढून टाकायचं. बाया गच्च्यांवर उडीद पसरायच्या, आमची बाई कागद पसरायची. शेजारणी म्हणायच्या, "कौसाबाई, पापड घातलेत का वं?" ती म्हणायची, "व्हय, सरकारी पापड हायत. भाजले तरी फुगत न्हाईत."

आता ह्या उन्हाचा मला राग येतो. ते वेळेवर आलं म्हणून राग येतो.

मी खिडकीपाशी टेबलाला बसून हे लिहितोय. ह्या टेबलाचं तर विचारूच नका. पुण्याला कंपनीत असलेला आमचा पोरगा, दत्ता, त्यानं परभणीहून टेंपोत घालून आणलं. माय गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि ह्याला घरात जिथं तिथं कागद दिसायला लागले. खताच्या पोत्यात कागद, दिवळीत कागद, गादीखाली कागद. "आबा, हे असं चालणार नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेबल. तीन खणांचं, चकचकीत, वर काच. संगं एक प्लास्टिकचा ट्रे, कागदाला भोक पाडायचं यंत्र, टाचण्या मारायचं यंत्र आणि चार फायली. फायलींवर त्यानं झोकदार अक्षरात नावं लिहिली. महसूल. बँक. दवाखाना. इतर.

"आता बघा आबा, कागद आला की आधी ट्रेमध्ये. रविवारी ट्रेमधून फाइलला. एवढी शिस्त लावली की संपलं."

"आन् कुठल्या फायलीत टाकायचा ते कसं कळंल?"

"वाचून."

वाचून म्हणे. लाइटचं बिल कशात टाकू? इतर. राशन? इतर. आधार? इतर. जातीचा दाखला, संगीच्या सोडचिठ्ठीचे कागद, तिच्या मायच्या मृत्यूचा दाखला? इतर, इतर, इतर. बँकेच्या फायलीत एक पासबुक आहे, आणि इतरचं पोट गाभण म्हशीसारखं सुटलंय. ज्यानं फायली केल्या त्यानं आमच्यासारख्यांचं घर कधी बघितलंच नसावं. आमचं सगळं आयुष्यच इतर.

आणि टेबल. जन्मात मी टेबलाला बसलो नव्हतो. माझे गुडघे त्याच्याखाली मावत नाहीत. वरच्या खणात बीपीच्या गोळ्या, चष्म्याचं तुटकं घर, तंबाखूचा बटवा, मोबाइलचं चार्जर. मधल्या खणात काय आहे ते मला माहीत नाही, कारण तो उघडत नाही. आत काहीतरी उभं राहिलंय. काचेवर कागदांचा थर. रविवार येतो, मी ट्रे पुढ्यात ओढतो, चष्मा लावतो, दोन कागद लावतो आणि तिसऱ्याला मला घाम फुटतो. हा इथं का तिथं? उचलतो, ठेवतो, परत उचलतो. शेवटी सगळं गोळा करून ट्रेमध्ये आदळतो आणि संगीवर ओरडतो. तिचा काय गुन्हा? ती चुलीपाशी असते.

ह्या सगळ्यात एक कागद हवा होता. एकच. बाकीचे गेले खड्ड्यात.

आमची दीड एकर जमीन गायरानातली. गावची गुरं चारायला सोडलेली सरकारी पडीक जमीन, ती गायरान. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कोणी सातबारा दिला नाही त्यांनी ती फोडली. कुंद्याच्या गवताच्या मुळ्या उपसल्या, दगडं वेचली, बांध घातले. आम्ही दोघांनीही फोडली. तेव्हा पोटासाठी मी परभणीला मालधक्क्यावर हमाली करायचो आणि आठवड्यानं घरी यायचो. ती एकटी, संगी काखेत, पेरायची. एका वर्षी ज्वारी कमरेला आली आणि तलाठी आला. संगं कोतवाल, नवीन, परगावचा.

"कुणी पेरलं हे?"

"म्या."

"नवऱ्याचं नाव सांग."

ही गप.

"अगं, नाव सांग. नवरा हाय का न्हाई?"

"हाय की. पर नाव घेत न्हाईत."

त्या काळी बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. जीव गेला तरी नाही. तलाठ्यानं दोनदा दरडावलं, कोतवालानं काठी आपटली, ही मान खाली घालून उभी. उन्हाचा वैतागलेला माणूस. शेवटी म्हणाला, "मग तुझं तरी सांग. लिही रे हिच्याच नावानं." सरकारी जमिनीत बेकायदेशीर पेरा केला म्हणून दंड. कौसाबाई, राहणार मौजे अमुक, गट नंबर तमुक, दीड एकर, ज्वारी. कोंबड्या विकून तिनं तो भरला आणि पावती घेतली.

मी घरी आल्यावर तिला शिव्या दिल्या. दंड भरून आली म्हणून. ती पावती मी चुलीत घालणार होतो. तिनं हातातून हिसकली. तिला काय कळलं होतं देव जाणे, मला पुढं दहा वर्षांनी कळलं. गायरानवाल्यांनी मोर्चे काढले, कायदा निघाला, की जुना कब्जा असेल तर जमीन नावावर करू. आणि कब्जा होता ह्याचा पुरावा काय? तर दंडाची पावती. गुन्हा केल्याचा कागद आणा, जमीन घ्या. सरकारचं डोकं असं चालतं. ज्यांनी दंड चुकवला, तलाठ्याला कोंबडं खाऊ घालून पावती फाडू दिली नाही, ते शहाणे हात चोळत बसले. आमच्याकडं कागद होता. तोही असा, की त्यात माझं नावच नाही.

"माझं नाव घेतलं असतंस," मी तिला म्हणायचो, "तर आज जमीन माझी झाली असती."

"मनूनच न्हाई घेतलं," ती म्हणायची.

जमीन नावावर व्हायची ती झालीच नाही. अर्ज गेले, साहेब बदलले, अर्ज परत गेले. पण कोणी उठवायला आलं की ती पावती दाखवायची आणि ते मागं फिरायचे. तिची झेरॉक्स मारू, असं मी शंभरदा म्हणालो. नाही. तिच्या बापाचा एकुलता एक फोटो एका झेरॉक्सवाल्यानं यंत्रात चुरगाळून दिला होता, तेव्हापासून तिनं कुठल्याच यंत्राला कागद दिला नाही. दत्ता मोबाइलवर फोटो काढू म्हणाला तेव्हा म्हणाली, "तुझा मोबाइल दर साली बदलतो. माझा कागद बदलत न्हाई." त्याला हसू आलं, मलाही आलं.

उन्हाळ्यात नोटीस आली. गायरानावरची अतिक्रमणं काढायची आहेत, कब्जाचा पुरावा असेल तर सुनावणीला घेऊन हजर राहा. दीड एकर. आज ती जमीन संगी करते. कापूस, तूर, बांधाला भेंडी. तिच्याकडं दुसरं काय आहे? नवरा नाही, नोकरी नाही. मी आज आहे, उद्या नाही. तिची माय म्हणायची, "दत्त्याला नोकरी हाय. ही जमीन संगीची. माझ्या नावाचा कागद हाय, माझ्या लेकीला दिला." बोलण्यातलं मृत्युपत्र. मी मान डोलवली होती.

तर पावती काढायला बसलो. महसूलच्या फायलीत नाही. इतरमध्ये नाही. पोत्यात नाही. टेबल पालथं केलं. काचेला तडा गेला. संगी भीत भीत म्हणाली, "आबा, मायनं ती पिशवीत ठेवली नसंल. मायच्या कपड्यांत बगू का?"

"कपड्यांत कागद असतो का? तू बी तुझ्या मायसारखीच! कागद फायलीत असतो!"

नंतर कधीतरी ती मायचं गाठोडं सोडून एकेक लुगडं झटकताना मला दिसली. मला बघितलं तसं तिनं गाठोडं बांधलं. मी तेव्हाही विचारलं नाही, काय शोधतीस. वाचता येणाऱ्या माणसाला विचारायची सवय नसते.

मी दत्त्याला फोन लावला. "तूच टाकलीस. फायली केल्या तवा जुने कागद फाडलेस न्हवं?"

"आबा, मी लाइटची वीस वर्षांपूर्वीची बिलं फाडली फक्त."

"त्यातच गेली असंल."

"आबा, मला दंडाची पावती आणि बिल यातला फरक कळत नाही का?"

"न्हाई कळत! तुमी साहेब झाल्यापासून तुमाला काहीच कळत न्हाई!"

त्यानं फोन ठेवला. महिनाभर बोलला नाही. मी त्याच्या नावानं गावभर खडे फोडले. पोरानं घर बुडवलं म्हणून पारावर सांगितलं. चार माणसांनी माना हलवल्या, आजकालची पोरं म्हणून. मला बरं वाटलं. आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं, हे खरं आहे.

कचेरीत गेलो. तिथला कारकून चांगला पोरगा होता बोलायला, त्याचाच जास्त राग आला.

"बाबा, पुरावा आणा, काम होऊन जाईल."

"पुरावा तुमच्याकडंच हाय. पावती फाडली तवा खालचं पान पुस्तकात ऱ्हायलं असंल. काढा."

"एवढं जुनं दप्तर नाही हो. वाळवी लागली होती."

"मग माझ्याकडं कसं असंल? माझं घर काय पोलादाचं हाय?"

तो हसला. म्हणाला, "पाहिजे तर तसं लिहून देतो." दिलं लिहून. 'अभिलेख उपलब्ध नाही.' शिक्का, सही, सगळं. बसमध्ये मी तो कागद चार वेळा वाचला. त्यांचा कागद हरवला तर अभिलेख उपलब्ध नाही. माझा हरवला तर अतिक्रमण. त्यांच्या वाळवीला शिक्का मिळतो. घरी येऊन तो कागद इतरमध्ये टाकला.

सगळ्यांवर रागावून झालं की मी तिच्यावर रागवायचो. घरात कोणी नसताना. तू गेलीस ती गेलीस, अर्धं काम टाकून गेलीस. एक ऊन देऊन गेलीस. सांगून तर जायचं, कुठं ठेवलीस. तुझ्या जागी! तुझी जागा कुठली ते मला काय ठाऊक? बेचाळीस वर्षांत तू मला एक पेटी दाखवली नाहीस. मग मलाच आठवायचं, की तिनं दाखवायला काढली की मी म्हणायचो, राहू दे तुझ्या चिंध्या.

परवा दशमी झाली. काल सकाळी संगी म्हणाली, "आबा, कागदाला ऊन देऊ का?"

मला वाटलं, ही खुळी झाली. कागद फायलीत आहेत, प्लास्टिकमध्ये आहेत, त्यांना कसली ओल. पण तिनं फायली उचलल्या, वर गेली, बाज ओढली आणि चारही फायली मोकळ्या केल्या. मी कठड्याला टेकून बघत राहिलो. प्लास्टिकमध्ये कागद घामेजले होते. एकमेकांना चिकटले होते. वर्षभराचा कुबट वास. तिनं एकेक सोडवून पसरला आणि कठड्याच्या कोपऱ्यातले गोटे आणले. तेच गोटे. तिच्या मायनं नदीवरून आणलेले, सगळे एका वजनाचे.

तिच्या पदराला सुई टोचलेली होती. काळा दोरा ओवलेला.

"सुई कशाला गं?"

"सवयीनं आणली." ती खाली बघूनच बोलली. "मायची पट्टी शिवायला लागायची ना."

"कसली पट्टी?"

"कमरेची. दंडाची पावती माय कमरेच्या पट्टीत ठेवायची. दुहेरी कापड, मधी पावती आन् चारी बाजूनं टाका. मोर्च्याला, कचेरीला जाताना लुगड्याच्या आत बांधून जायची, कुणी हिसकू नये मनून. दर साली दसऱ्याला उसवून ऊन द्यायची आन् लगीच परत शिवायची. सुई-दोरा मीच आणायची वर." तिनं एका ढिगावरचा गोटा सरळ केला. "गेल्या साली मी न्हवते. तिनं एकटीनंच शिवली असंल. मी सगळी लुगडी बघितली आबा. कुठंच न्हाई ती पट्टी."

"कंच्या रंगाची व्हती?"

"जांभळी. तिचं पहिलं लुगडं व्हतं ना, त्याच्या काठाची."

मी कठडा धरला. संगी धावत आली, "आबा, काय झालं?"

"काही न्हाई. ऊन लागलं."

तिनं मला खाली आणलं, कांदा फोडून नाकाला लावला, पाणी दिलं. मी टेबलाला बसलो. तेव्हापासून इथंच आहे. आज ती पहाटेच कापूस वेचायला गेलीय, पहिली वेचणी. संध्याकाळी पाठीवर गाठोडं घेऊन येईल. आली की तिला सांगायचं आहे. तिला सांगितलं की मग दत्त्याला फोन करायचा आहे, आणि त्याला दोन शब्द म्हणायचे आहेत, जे मी त्याला कधी म्हणालेलो नाही. पारावरही जावं लागेल. सोमवारी सुनावणी आहे. तिथं काय बोलायचं ते माझं ठरलंय. पावती आहे साहेब, पण आणता येत नाही. वाळवीला शिक्का देता, तर ह्याला कुठला देता ते बघा. मानलं तर मानलं. नाही मानलं तर मी ट्रॅक्टरच्या पुढं आडवा पडेन, मला आता दुसरं काम नाही. पण ते सोमवारचं. संगीला सांगणं आजचं आहे, आणि ते तोंडातून निघत नाही. म्हणून आधी लिहून बघतो.

गेल्या वर्षी एक ऊन झालं, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला संगीची माय उठली. घागर घेतली. उंबऱ्यावर बसली. घागर खाली ठेवलेली मी ऐकली, बसलेलीही ऐकली, उठलेली ऐकली नाही. हाक मारली तर ओ नाही. शेजारपाजारच्या बाया जमा झाल्या. रडायला लागल्या. मला ते रडणं सहन होईना. मी जिना चढून गच्चीवर गेलो.

पत्र्याखाली बाज होती. तिनं आदल्या दिवशी जशी लावली तशी. आठ ढीग, आठ गोटे, आणि एकेका ढिगाशेजारी त्याची त्याची पिशवी, घडी घालून. खाकी, पिवळी, लाल, हिरवी. सूर्य वर येत होता. तिला दुसरं ऊन द्यायचं होतं. मला असा राग आला, की जन्मात तसा आला नव्हता. मी गोटे उचलून कोपऱ्यात फेकले. खताचं रिकामं पोतं घेतलं आणि दोन्ही हातांनी सगळे कागद त्यात कोंबले. दवाखाना, शाळा, राशन, शेत, सगळं एकात. पिशव्या बाजेवरच राहिल्या, नंतर वाऱ्यानं कुठं गेल्या माहीत नाही. कोणाच्या बापाला आता ते कागद लागले नसते. दत्त्यानं ते बिघडवले नाहीत. संगीनंही नाहीत. मी बिघडवले.

तेवढ्यात खालून गयाबाईनं हाक मारली. गयाबाई आमची शेजारीण.

"भाऊजी, ओ भाऊजी! एखादं फडकं द्या वं. हनुवटी बांधायची हाय. तोंड उघडं पडायलंय."

बाजेच्या उशाला एक जांभळं फडकं होतं. लांबट, घडी केलेलं. कागद पुसायला आणलं असेल, असं मला वाटलं. मी ते उचललं आणि वरूनच गयाबाईच्या हातात टाकलं.

संगी दुपारी सेलूहून पोचली, तोवर तिच्या मायला पांढऱ्यात गुंडाळून वर हार घातले होते. चेहरा तेवढा उघडा होता, त्याच्याभोवतीही डोक्यावरून हनुवटीखालपर्यंत पदर लपेटलेला. संगीनं पायच धरले. मग आम्ही तिला घेऊन गेलो.

संगे, ते फडकं हाताला कडक लागलं होतं. मला वाटलं, उन्हानं कडक झालंय.